ओव्हरडोसनंतर पॅरामेडिक घरी पाठवायचे तर पैसा कुठून आणि कशावर?

तुमचा प्रश्न असा की तुमच्या काउंटीला (म्हणजे इथल्या जिल्ह्याला) ओपिऑइड सेटलमेंटचे, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्यांनी खटले मिटवताना दिलेले, पैसे मिळालेत, त्यातून ओव्हरडोसमधून वाचलेल्या लोकांच्या घरी पॅरामेडिक पाठवायचा प्रस्ताव आहे, आणि मीटिंगमध्ये काही जण म्हणतायत की आधीच अँब्युलन्सला माणसं पुरत नाहीत, त्यात हे कशाला. मी इथे अमेरिकेतच एका काउंटीच्या ईएमएसचं, म्हणजे अँब्युलन्स सेवेचं, ग्रँट आणि बजेटचं काम बरीच वर्षं बघतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ गोची अशी आहे की इथे अँब्युलन्सला पैसे मिळतात ते पेशंटला हॉस्पिटलात पोचवल्याचे. मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, दर त्याच हिशोबाने आहेत आणि बाकीचे बरेचसे विमे त्याच्याच मागे जातात. नार्कन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध दिलं, माणूस शुद्धीवर आला, मी येत नाही म्हणाला आणि सही करून मोकळा झाला, की त्या कॉलचे बहुतेक वेळा काहीच मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणी जाऊन त्याची विचारपूस केली तर त्याचे तर नाहीच नाही. मेडिकेअरने २०२१ मध्ये ईटी३ नावाचा प्रयोग सुरू केला होता, जागेवरच उपचार केले तरी पैसे देण्याचा, तो २०२३ च्या शेवटी मुदतीआधीच गुंडाळला. म्हणजे काम सगळ्यांना पटतं पण त्याचा खर्च उचलायला कोणी पुढे येत नाही. सेटलमेंटचा पैसा नेमका इथे कामाला येतो.

आता दुसऱ्याच दिवशी का जायचं? मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोस होऊन इमर्जन्सीत आलेल्या आणि जिवंत घरी गेलेल्या साडेअकरा हजार लोकांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. वर्षभरात त्यातले ५.५ टक्के लोक दगावले. १३० जण पहिल्या महिन्यातच दगावले, आणि त्यातले २९ पहिल्या दोन दिवसांत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइडच्या व्यसनावर देतात ती औषधं. त्याच राज्यातल्या २०१८ च्या अभ्यासात ओव्हरडोसनंतर मेथाडोनवर असलेल्यांमधले मृत्यू ५९ टक्क्यांनी आणि ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्यांमधले ३८ टक्क्यांनी कमी दिसले, पण वर्षभरात यातलं कुठलंही औषध मिळालेले जेमतेम दहात तीन. औषध आहे, उपयोग होतो, पण ते माणसापर्यंत पोचतच नाही आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही दिवसांत असतो. तीन आठवड्यांनंतरची क्लिनिकची अपॉइंटमेंट हातात देऊन काय होणार सांगा.

ही भेट म्हणजे नुसतं पत्रक देऊन येणं नव्हे. चांगल्या टीममध्ये एक पॅरामेडिक आणि एक स्वतः व्यसनातून बाहेर आलेला पीअर असतो. पॅरामेडिक नाडी बघतो, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो, घाम, जांभया, अंगावरचा काटा, पोटातली कळ, हे सगळं मोजून विड्रॉलचा, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचा, स्कोअर काढतो, आणि पुरेसा असेल तर मेडिकल डायरेक्टरच्या ऑर्डरवर ब्युप्रेनॉर्फिनची फिल्म जिभेखाली ठेवायला देतो. ती विरघळेपर्यंत पेशंटने बोलायचं नाही, गिळायचं नाही, त्यामुळे तेवढा वेळ सगळे शांत बसलेले असतात आणि मग पीअर हळूहळू बोलायला लागतो. माझ्या मते खरं काम तिथे सुरू होतं. निघताना घरच्यांच्या हातात नॅलोक्सोन (म्हणजे नार्कनच) द्यायचं, आणि क्लिनिकची तारीख मिळेपर्यंत रोज यायचं. न्यू जर्सीने २०१९ मध्ये पॅरामेडिकना ब्युप्रेनॉर्फिन द्यायची परवानगी दिली, देशात पहिल्यांदाच. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनची टीम २०१७ पासून ओव्हरडोसनंतर एक ते तीन दिवसांत दारात जायला लागली. त्यांच्यासोबत पोलीसही असायचा, पण मला विचाराल तर पोलीस नको. वॉरंटची भीती असलेला माणूस दार उघडत नाही, आणि नेमका तोच गाठायला हवा असतो.

आता पैसा. औषधांचे तीन मोठे डिस्ट्रिब्युटर आणि जॉन्सन अँड जॉन्सन मिळून २६ अब्ज डॉलरचं सेटलमेंट आहे, त्यातले डिस्ट्रिब्युटरचे हप्ते १८ वर्षं येणार. किमान ८५ टक्के पैसा ओपिऑइडचं नुकसान भरून काढायलाच वापरायचा अशी अट आहे, आणि हे काम त्यात व्यवस्थित बसतं. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांकडून मिळालेला पैसा किती राज्यांनी रस्ते आणि बजेटची भोकं बुजवायला उडवला ते बघता, मीटिंगमध्ये या अटीवर बोट ठेवा. फेडरलकडून सॅम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेची फर्स्ट रिस्पॉन्डरसाठीची ग्रँट आहे, स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्सचा पैसा राज्यामार्फत येतो. पण ग्रँट संपली की टीमही संपते हे गृहीत धरा, म्हणून पहिल्या वर्षापासूनच राज्याच्या मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याच्या, मागे लागा. मिनेसोटाचं मेडिकेड २०१२ पासून कम्युनिटी पॅरामेडिकच्या भेटीचे पैसे देतं, तेव्हा होत नाही असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण पुढे करा.

खर्च पगारावर करा. हे मी अगदी जीव तोडून सांगतेय कारण कमिटीला गाडी घ्यायला आवडते, गाडीचा फोटो येतो, आणि मग पीअरला अर्धवेळ ठेवतात, इन्शुरन्स नाही, सहा महिन्यांत तो सोडून जातो आणि त्याच्यावर विश्वास टाकलेली माणसंही त्याच्यासोबत जातात. साधी कार चालते, त्याला अँब्युलन्स लागत नाही. माणसं कमी आहेत हा आक्षेप खरा आहे, म्हणून ९११ च्या, म्हणजे इमर्जन्सी कॉलच्या, शिफ्टमधून कोणालाही काढू नका, वेगळी पदं मंजूर करून घ्या. अंगावर बोजा उचलून पाठ गेलेले, रात्रपाळीला कंटाळलेले अनुभवी पॅरामेडिक नोकरी सोडायच्या बेतात असतात, त्यांना हे काम जमतं आणि आवडतंही. किती दारं ठोठावली हा आकडा कमिटीला दाखवू नका, तो कसाही फुगवता येतो. तीस दिवसांनी किती जण औषधावर टिकलेत ते दाखवा.

अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही. ओव्हरडोसच्या कॉलची माहिती ९११ कडून आणि हॉस्पिटलकडून टीमला कशी मिळणार याचा करार वकिलांकडून आधी करून घ्या. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा आहेच, वर व्यसनोपचाराच्या रेकॉर्डला ४२ सीएफआर पार्ट २ या फेडरल नियमावलीचे वेगळे नियम आहेत, आणि सह्या व्हायला महिने जातात. माणसं नेमून झाली, औषध आलं, आणि सकाळी कुणाच्या घरी जायचं ती यादीच हातात नाही असं होतं. म्हणून टीमचं बजेट मंजूर व्हायच्या आधीच वकिलांच्या टेबलावर तो कागद पाठवा.