ॲपवर शून्य आलं, आता काय?

"मॅडम, यांच्या मोबाइलमध्ये कुठलं ॲप टाकून देऊ, म्हणजे सिगरेट सुटेल?" हे विचारणारी बहुतेक वेळा बायको नाहीतर मुलगी असते. ज्याची सिगरेट सुटायची तो शेजारी बसून पंख्याकडे बघत असतो. त्याचा स्वतःचा प्रश्न नंतर येतो, एकट्याने आला की: "ॲप टाकलं होतं. पंधरा दिवस चाललं. मग एक ओढली आणि सगळं बोंबललं. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?" सिंधुदुर्गात समुपदेशक म्हणून काम करताना हे दोन प्रश्न सारखे कानावर येतात, म्हणून एका माणसाच्या निमित्ताने दोन्हींबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आपण नाना म्हणू.

नाना कुडाळ स्टेशनवर रिक्षा लावतात. वय सत्तेचाळीस, रक्तदाबाची गोळी चालू, दिवसभर बसून काम. रोजच्या दहा सिगरेटी, सगळ्या सुट्ट्या घेतलेल्या. (सुट्टी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवर ते कुणाला सांगायचं!) मे महिन्यात पुण्याहून आलेल्या मुलीने त्यांच्या फोनमध्ये दोन ॲप घालून दिली, एक सिगरेट सोडायचं आणि एक पावलं मोजायचं. पावलांचं ध्येय ठेवलं १०,०००. पहिल्याच दिवशी आकडा चौदा हजारांवर गेला आणि नाना खूश झाले. पण फोन दिवसभर रिक्षाच्या हॅण्डलजवळ स्टॅण्डला अडकवलेला होता. ती पावलं खड्ड्यांची होती. फोन हादरे ओळखून पावलं मोजतो आणि आपल्या रस्त्यांवर हादऱ्यांना तोटा नाही. फोन खिशात ठेवल्यावर आकडा दीड हजारावर आला आणि नानांचा उत्साहही त्याच्यासोबत उतरला.

तो १०,००० चा आकडा मी आधी काढून टाकायला लावते. तो कुठल्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्यासोबत तो जगभर पसरला. दीड हजारावर असलेल्या माणसापुढे दहा हजार ठेवले की तो चौथ्या दिवशी बघायचंच सोडतो.

सिगरेटच्या ॲपमध्येही आधी "आजपासून बंद" दाबू नका. पहिले दोन आठवडे सिगरेट चालू ठेवून फक्त नोंद करायची. बहुतेक ॲपमध्ये तलफ नोंदवायचं बटण असतं. ते सिगरेट पेटवायच्या आधी दाबायचं आणि वेळ, जागा, सोबत कोण आणि आत्ता काय चाललं होतं, एवढं टाकायचं. आधीच का? कारण ओढून झाल्यावर प्रत्येक सिगरेटचं कारण "टेन्शन" असंच आठवतं. नानांना इंग्रजी रकाने भरायचा कंटाळा होता. त्यांनी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी मेसेज पाठवले. "आठ पाच. स्टॅण्डार. गाडी लेट." एवढंच. ते उत्तम चालतं.

दोन आठवड्यांचे मेसेज आम्ही समोर बसून ऐकले. पहिली सिगरेट उठल्यावर पंधरा मिनिटांत, एक दुपारी जेवणानंतर, एक रात्री पडवीत. उरलेल्या सगळ्या स्टॅण्डवर आणि त्यातल्या बहुतेक गाडी लेट असल्याची घोषणा झाल्या झाल्या. टेन्शन फार कमी वेळा आलं होतं.

"गाडी लेट आहे कळल्यावर मनात काय येतं?" मी विचारलं.

"येवचा काय? आता अर्धो तास करू काय!"

माझा कल विवेकनिष्ठ पद्धतीकडे आहे. घटना आणि कृती यांच्यामध्ये माणूस स्वतःशी एक वाक्य बोलतो आणि ते वाक्य सापडलं की अर्धं काम होतं, असं मी मानते. नानांचं वाक्य "आता अर्धो तास करू काय" हे होतं. त्याला उपदेशाचा उपयोग नव्हता. त्या अर्ध्या तासाला काम हवं होतं.

मात्र सकाळची पहिली सिगरेट वेगळी. झोपेत शरीरातलं निकोटिन उतरलेलं असतं. त्याचं निम्मं प्रमाण साधारण दोन तासांत कमी होतं, मग रात्रभरात काय उरणार? उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्या माणसाला नुसतं ॲप पुरत नाही. त्याने डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी घ्यावी. नानांना डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचा गम दिला. दोनच दिवसांत ते उचक्या लागतात म्हणून तक्रार घेऊन आले. साध्या च्युइंगगमसारखा भराभर चघळून रस गिळत होते. हा गम सावकाश चघळायचा. जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं आणि तो गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा थोडा चघळायचा. असं साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. गिळलं तर पोट ढवळतं आणि उचकी लागते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, चहा, कॉफी काही नको. आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे गम "लागू पडत नाही" त्याचं कारण पुष्कळदा जेवणानंतरची सोलकढी असते.

आता स्टॅण्ड. तलफ साधारण पाच मिनिटांत चढते आणि ओढली नाही तरी उतरते. तेवढा वेळ नानांनी भरभर चालायचं ठरलं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, हा वेग. मिनिटाला शंभरेक पावलं पडली की तो साधतो, म्हणजे पाच मिनिटांत पाचशे. अशा सहा फेऱ्या म्हणजे दिवसाला तीस मिनिटं आणि आठवड्यातले पाच दिवस धरले तर दीडशे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि तो सलग हवा ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत उरलेली नाही. ट्रॅकसूट घालून पहाटे बाहेर पडायची गरज नाही. नानांची गाडी लेट होती तेवढ्यात व्यायाम होत होता.

अडचणी आल्याच. पहिली, "नंबर जाईल." रिक्षा रांगेत सोडून माणूस कुठे जाणार? म्हणून फेरी रिक्षा नजरेत राहील अशी स्टेशनच्या आवारातच आखली आणि मागच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. फलाटावर सिगरेटला बंदी आहे, तिथे चालणं सोयीचं झालं असतं, पण त्याला प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. दुसरी, पाऊस. जूनपासून आमच्याकडे छत्री धरून भरभर चालणं म्हणजे सर्कस. पावसात शेडखालच्या शेडखाली येरझाऱ्या. तिसरी, फोन. बॅटरी वाचवायच्या नादात फोन मागे चालणारी ॲप बंद करतो, मग ना आठवण येते ना मोजणी होते. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरीवरचं बंधन काढायचं आणि शारीरिक हालचालीची परवानगी द्यायची. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर नाही म्हणायचं. आठवण करून द्यायला त्याची गरज नसते. आठवण सकाळी नऊला "आज सिगरेट नको!" अशी ठेवू नका, दोन दिवसांत डोळ्यांना दिसेनाशी होते. नानांची आठवण सकाळच्या कोकणकन्येच्या वेळेआधी दहा मिनिटं ठेवली. दिवसाला तीनच, जास्त नाही.

चालताना छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, तर फेरी तिथेच थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी सुरुवातीलाच तपासून घ्यावं.

सिगरेट बंद करायचा दिवस नानांनीच निवडला, नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला की मासेमारी पुन्हा मार्गी लागते, तसंच आपलंही मार्गी लागेल म्हणाले. पहिले तीन दिवस वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. निकोटिन तुटल्याचा हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो, हे आधी सांगून ठेवल्यामुळे ते घाबरले नाहीत. चहा निम्मा करायला सांगितला होता. सिगरेट थांबली की चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं. नेहमीचे सहा चहा घेतले तर हात थरथरतात, झोप उडते आणि माणूस त्याचा दोष सिगरेट सोडण्याला देतो.

चतुर्थीपर्यंत एकोणीस दिवस स्वच्छ गेले. चतुर्थीच्या रात्री वाडीत भजन होतं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी एकाने पाकीट पुढे केलं आणि नानांनी एक घेतली. प्रामाणिक माणूस, घरी येऊन ॲपमध्ये नोंदही केली. ॲपने विचारलं, मोजणी पुन्हा सुरू करू? नानांनी "हो" दाबलं आणि मोठ्या अक्षरांत शून्य आलं. गणपती विसर्जनाला गेले तोवर रोजच्या सात-आठ सुरू झाल्या होत्या.

माझ्यासमोर बसले तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवला.

"एकोणीस दीस पाण्यात गेले, मॅडम. ॲपान शून्य करून टाकल्यान. मगे म्हटलंय, गेलेच आसत, तर आता कित्याक थांबू?"

"शून्य कोण म्हणालं?"

"ह्यो मोबायल."

"मोबाइल राहू दे. मीटर तुमच्याकडे आहे. रोजच्या दहा, एकोणीस दिवस. किती झाल्या?"

रिक्षावाल्याला हिशोब सांगावा लागत नाही. "एकशेनव्वद."

"भजनाच्या रात्री धरून ओढल्यात किती?"

"येक."

मग ते बराच वेळ गप्प बसले. अशा वेळी मी काही बोलत नाही. समुपदेशकाने इथे तोंड उघडलं की समोरच्याचा विचार त्याचा राहत नाही. नानांनी फोन सुलटा केला, स्क्रीनकडे बघितलं, परत पालथा ठेवला.

"म्हंजे एकशेनव्वद मी ओढूक नाय," ते म्हणाले. "ते खय गेले, ता ह्येका ठावक नाय."

मग थोड्या वेळाने, "शून्य ह्येचा, माझा नाय."

या माणसाला भजनातल्या एका सिगरेटने पाडलं नव्हतं. "गेलेच आहेत, तर आता कशाला थांबू" या वाक्याने पाडलं होतं आणि ते वाक्य त्याला स्क्रीनवरच्या आकड्याने पुरवलं. ॲपला सलग दिवस मोजायला शिकवलेलं असतं, म्हणून ते सलग दिवस मोजतं. सिगरेट सोडणारा बहुधा एका दमात सोडत नाही. एखाद-दोन वेळा घसरतो, पुन्हा उठतो. त्याच्यासाठी सलग दिवसांची मोजणी सगळ्यात कमी उपयोगाची आणि नेमकी तीच पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असते.

म्हणून आम्ही मोजणी बदलली. "या आठवड्यात न ओढलेल्या" एवढा एकच आकडा, रविवारी रात्री, कालनिर्णयावर पेनाने. ज्या ॲपमध्ये घसरल्याची वेगळी नोंद करता येते तिथे ती करावी आणि मोजणी पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न आला तर "नाही" दाबावं. पैशांचा रकाना मात्र भरावा. ॲप पाकिटाची किंमत विचारतं, सुट्टी घेणाऱ्याचा हिशोब त्यात चुकतो. एका सिगरेटची किंमत टाका. पंधरा रुपये धरले तरी रोजच्या दहाचे महिन्याला साडेचार हजार होतात.

घसरल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. उरलेलं पाकीट असेल तर पाण्यात बुडवून टाका, परत देऊ नका. वेळ, जागा, माणूस यांची नोंद करा. गम चालू असेल तर पुढचा गम वेळेवर घ्या. मग एक फेरी मारा. "एक चालते" अशी ही सूट नव्हे. एकीनंतरची दुसरी थांबवायची असते.

ॲपकडून फार अपेक्षा ठेवू नका, हेही सांगते. भरभर चालल्याने त्या वेळची तलफ ओसरते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पण नुसत्या व्यायामाने सिगरेट कायमची सुटते, असा भक्कम पुरावा नाही. ॲपपेक्षा साध्या एसेमेसच्या मदतीचा पुरावा जास्त चांगला आहे. केंद्र सरकारची अशी मोफत सेवा आहे, ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा. घाटाच्या पायथ्याला नेट नसलं तरी एसेमेस पोचतो. आणि माणसाशी बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन. हा नंबर २०१८ पासून सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. सुट्टी घेणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून इथे दिला.

फुकट ॲपमध्ये २०२५ च्या बंदीआधी पैशांच्या रमीच्या जाहिराती यायच्या, अजूनही कुठे दिसल्या तर दाबू नका. एक सोडवायला गेलो आणि दुसरी लावून घेतली, असं नको. सिगरेट सुटली म्हणून तंबाखू मळायला लागलेलेही मी पाहते. निकोटिन तेच आणि कर्करोगाचा धोकाही आहेच.

नाना शिमग्यात आणखी एकदा घसरले. या वेळी दुसरी घेतली नाही आणि ॲपला काही कळवलंही नाही, कालनिर्णयावर लिहिलं.

बायका-मुलींना एवढंच, ॲप टाकून द्या, नोंद कशी करायची ते दाखवा आणि मग त्यांचा फोन उघडून बघू नका. घरचे तपासतात हे कळलं की नोंदी खोट्या होतात आणि खोट्या नोंदीवरून कुठली सिगरेट कशामुळे पेटते ते शोधता येत नाही. रोज संध्याकाळी "किती ओढल्यात?" असं विचारू नका. चालायला सोबत जा, पंधरा मिनिटं, जेवणानंतर. नानांच्या पत्नी रात्रीच्या पडवीतल्या सिगरेटच्या वेळी चप्पल घालून दारात उभ्या राहायच्या. ती सिगरेट सगळ्यात आधी सुटली.