वाचकांचे प्रश्न : रुआपेहूच्या उतारावर स्कीइंगचा पहिला दिवस

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रुआपेहू या जागृत ज्वालामुखीवर मार्गदर्शकासह एक दिवस स्कीइंग शिकण्याबाबत काही वाचकांनी विचारणा केली आहे. त्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघेही पन्नाशीच्या पुढचे आहोत. ऑगस्टमध्ये ऑकलंडला मुलीकडे मुक्कामाला असू. बर्फावर आजवर कधी पाऊल ठेवलेले नाही. ऑकलंडहून एका दिवसात रुआपेहूला जाऊन, थोडे स्कीइंग शिकून परत येता येईल का? मार्गदर्शकासह सहल घ्यायची असल्यास काय पाहून घ्यावे?

येता येईल, परंतु आम्ही तसा सल्ला देणार नाही. ऑकलंडपासून फाकापापा हे स्की-क्षेत्र सुमारे ३४० किलोमीटर दूर आहे आणि एका बाजूच्या प्रवासालाच साडेचार तासांच्या आसपास वेळ लागतो. पहाटे अंधारात निघालेला माणूस तेथे पोहोचेपर्यंत नवशिक्यांचा सकाळचा वर्ग बहुधा सुरू झालेला असतो, आणि ज्या पायांनी दिवसभर सवय नसलेले कष्ट केले त्याच पायांनी संध्याकाळी पुन्हा साडेचार तास गाडी चालवायची असते. त्यापेक्षा आदल्या रात्री तौपो, तुरांगी किंवा नॅशनल पार्क व्हिलेज येथे मुक्काम करावा. तौपोहून डोंगर सव्वा ते दीड तासावर आहे, तुरांगी आणि नॅशनल पार्क व्हिलेज त्याहूनही जवळ आहेत, आणि एका दिवसाची सहल तेथून आरामात होते.

रुआपेहूवर दोन मोठी स्की-क्षेत्रे आहेत. वायव्येच्या उतारावर फाकापापा आहे आणि नैर्ऋत्येला, ओहाकुने गावाच्या वरच्या अंगाला, तुरोआ आहे. अगदी पहिल्या दिवसासाठी आमचे मत फाकापापाच्या बाजूने आहे, कारण तेथील हॅपी व्हॅली हा भाग नवशिक्यांसाठीच वेगळा राखलेला आहे. उतार मंद आहेत, वर नेण्यासाठी सरकते पट्टे आहेत, आणि वरून वेगाने येणारे सराईत स्कीअर आपल्या अंगावर येतील ही धास्ती तेथे नसते. शिकणाऱ्याच्या मनावरचे निम्मे दडपण एवढ्यानेच उतरते.

मार्गदर्शकाबद्दल मात्र नेमके विचारून घ्यावे. काही सहलींत मार्गदर्शक म्हणजे प्रत्यक्षात गाडी चालवणारा आणि तिकिटे हातात देणारा माणूस असतो. स्कीइंग शिकवणारा प्रशिक्षक वेगळा असतो आणि त्याचे शुल्कही वेगळे असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे, की प्रवास, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास, स्की-बूट-हेल्मेटचे भाडे आणि प्रशिक्षकाचा वर्ग यांपैकी कशाकशाचा समावेश आहे, आणि एका प्रशिक्षकाकडे किती जण असतील. प्रशिक्षकांना प्रमाणपत्रे देणारी न्यूझीलंड स्नोस्पोर्ट्स इन्स्ट्रक्टर्स अलायन्स ही संस्था तेथे आहे, तेव्हा शिकवणारी व्यक्ती प्रमाणित आहे का, हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. शिवाय हा सारा परिसर टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्यामुळे तेथे व्यवसाय म्हणून मार्गदर्शन करणाऱ्याकडे संवर्धन विभागाचा परवाना असावा लागतो.

अशा सहलीचा सर्वांत मोठा फायदा आमच्या मते रस्त्याचा आहे. फाकापापा गावापासून स्की-क्षेत्राच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे १,६३० मीटर उंचीवरील इविकाऊ वस्तीपर्यंत, ब्रूस रोड हा सहा-एक किलोमीटरचा चढणीचा रस्ता जातो. बर्फ पडलेले असेल किंवा रस्ता गोठलेला असेल, तर चाकांना साखळ्या लावल्याशिवाय साध्या गाड्यांना वर सोडत नाहीत. थंड वाऱ्यात, रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून, बधिर बोटांनी भाड्याच्या गाडीला साखळ्या लावण्याचा प्रसंग पहिल्याच दिवशी ओढवून घेऊ नये. ते काम सवयीच्या चालकावर सोपवावे.

प्रश्न : पहिल्या वर्गात नेमके काय शिकवतात? माझे गुडघे अधूनमधून कुरकुरतात. मी पडले तर काय, ही भीती मनातून जात नाही.

पडणार आहात, हे आधीच गृहीत धरावे. नवशिक्यांच्या उतारावर वेग इतका कमी असतो की बहुतेक वेळा पडणे म्हणजे बर्फात बसणेच असते. तोल गेलाच तर हात पुढे ठेवून कुशीवर, बाजूला पडावे. मागे रेलून, स्की पुढे धावत असताना त्यांच्यावर बसण्याचा प्रयत्न करू नये, कारण गुडघ्याला ताण बसतो तो तेथेच. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या अंगाला आणि उताराला आडव्या आणाव्यात. त्या उताराच्या दिशेने राहिल्या, तर उभे राहण्याआधीच आपण घसरू लागतो.

खरा पहिला धडा भाड्याचे सामान घेतानाच सुरू होतो आणि तेथे घाई करू नये. स्कीचा बूट कडक असतो, नडगीपर्यंत येतो आणि तो घातल्यावर माणूस चालायचा विसरतो. ताठ उभे राहिल्यावर पायाची बोटे बुटाच्या टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकावीत, एवढा तो घट्ट असावा. आत गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ मोजा असावा. थंडीच्या भीतीने दोन-दोन जाड मोजे चढवले तर रक्ताभिसरण अडते आणि पाय उलट जास्त गारठतात. विजारीची कड बुटात अडकली असेल, तर तासाभरात नडगीवर वळ उठतो. यानंतर काउंटरवरील माणूस आपले वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतो. हे प्रश्न औपचारिक नसतात. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोर लागल्यावर सुटावा, याचे माप तो त्यावरून लावत असतो. वजन कमी सांगितले तर स्की नको तेव्हा सुटते आणि स्वतःला सराईत म्हणवून घेतले तर हवी तेव्हा सुटत नाही. या एका काउंटरवर तरी वजनाबाबत पूर्ण प्रामाणिक असावे.

उतारावर गेल्यावर आधी सपाट जागी एकाच पायात स्की अडकवून चालवतात, मग दोन्ही पायांत घालून आडव्या पावलांनी थोडे वर चढवतात. त्यानंतर थांबण्याची रीत शिकवली जाते : पुढची टोके जवळ, मागची टोके लांब आणि दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुतलेल्या. मागची टोके जितकी फाकवाल तितका वेग उतरतो. हे जमले की वळणे येतात, कारण या स्थितीत उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो आणि डाव्यावर दिला की उजवीकडे. अडचण येते ती मनाची. उतार दिसला की शरीर आपोआप मागे रेलते, भार टाचांवर जातो, पुढची टोके हलकी होऊन भरकटतात आणि ज्या भीतीने मागे रेललो तो वेग आणखी वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर सतत दाबलेली ठेवणे, हा यावरचा उपाय प्रत्येक प्रशिक्षक दिवसभर ओरडून सांगत असतो.

गुडघे केवळ कुरकुरत असतील, तर सहलीच्या महिनाभर आधीपासून पाठ भिंतीला टेकवून खुर्चीवर बसल्यासारखे अर्धवट बसण्याचा सराव करावा. मांडीच्या ज्या स्नायूंवर येथे भार येतो ते त्याने तयार होतात. पूर्वी अस्थिबंधाला दुखापत किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि पाय थरथरू लागले की पैसे वसूल करण्याच्या नादात ‘शेवटची एक फेरी’ मारू नये.

कपड्यांबद्दल थोडक्यात : जीन्स आणि सुती कपडे ओले होऊन अंगाला गारठा लावतात, म्हणून आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर आणि वर पाणी न शिरणारी विजार व जाकीट हवे, ही दोन्ही भाड्याने मिळतात. ताजे बर्फ सूर्याची सुमारे ८० टक्के अतिनील किरणे परावर्तित करते, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन हवेच. सनस्क्रीन हनुवटीच्या खालीही लावावे, कारण तेथे ऊन खालून लागते.

प्रश्न : जागृत ज्वालामुखीवर खेळायला जाणे हा वेडेपणा नाही का? स्कीइंग करताना उद्रेक झाला तर काय करायचे?

प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या सहल-विक्रेत्यापासून दूर राहावे. रुआपेहू २,७९७ मीटर उंच आहे, उत्तर बेटावरील ते सर्वांत उंच शिखर आहे, आणि त्याच्या माथ्यावर बर्फाने वेढलेले उष्ण, आम्लयुक्त पाण्याचे विवर-सरोवर आहे. धोक्याचे मूळ बऱ्याच अंशी या सरोवरात आहे. उद्रेक लहान असला तरी सरोवराचे पाणी बाहेर फेकले जाते, ते बर्फ, राख आणि दगड सोबत घेऊन घळींतून वेगाने खाली येते, आणि अशा चिखलाच्या लोंढ्याला भूवैज्ञानिक लाहार म्हणतात. १९४५च्या उद्रेकाने सरोवराच्या तोंडाशी राखेचा बांध घातला होता. तो २४ डिसेंबर १९५३च्या रात्री फुटला, लोंढ्याने टांगीवाई येथील रेल्वेपूल खचला आणि वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली गाडी नदीत कोसळून १५१ माणसे दगावली. १९९५ आणि १९९६च्या उद्रेकांनी स्कीइंगचे दोन हंगाम उधळले. २५ सप्टेंबर २००७च्या रात्री झालेल्या उद्रेकाचा एक लोंढा फाकापापाच्या स्की-क्षेत्रात उतरला, पण त्या वेळी क्षेत्र बंद होते. विवराजवळच्या निवाऱ्यात मुक्कामाला असलेला एक गिर्यारोहक मात्र गंभीर जखमी झाला.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. धोका विवराजवळ सर्वाधिक आहे आणि त्याखालोखाल घळींच्या तळाशी आहे. म्हणून फाकापापावर भोंग्यांची यंत्रणा बसवलेली आहे. भोंगा वाजून सूचना ऐकू आली, की घळीतून बाहेर पडून जवळच्या उंच धारेवर जायचे असते. खाली वाहनतळाकडे पळण्याची उपजत इच्छा येथे घातक आहे, कारण लोंढाही खालीच येतो. पोहोचल्याबरोबर पायथ्याशी लावलेला धोक्याचा नकाशा पाहावा आणि आपण शिकणार आहोत तेथून जवळची उंच जागा कोणती, हे प्रशिक्षकाला विचारून ठेवावे.

निघण्यापूर्वी जिओनेट या न्यूझीलंडमधील भूकंप-ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने जाहीर केलेली ज्वालामुखी-सूचना पातळी पाहावी. ती ० ते ५ अशी असते. रुआपेहू बहुतेक काळ १ वर, म्हणजे ‘किरकोळ अस्वस्थता’ या पातळीवर असतो, आणि तेवढ्यावरून सहल रद्द करण्याची गरज नाही. २ ही वाढलेल्या अस्वस्थतेची पातळी आहे आणि ३ पासून प्रत्यक्ष उद्रेक गृहीत असतो. विवराकडे नेणाऱ्या सहली वेगळ्या असतात आणि त्या अनुभवी लोकांसाठी असतात. नवशिक्याला कोणी त्यांत ‘जोडून’ देऊ लागला, तर नकार द्यावा. नाती तुफारेतोआ या माओरी जमातीसाठी हे डोंगर पूर्वज आहेत आणि शिखरे पवित्र आहेत. त्यांचे प्रमुख ते ह्यूह्यू तुकिनो चौथे यांनी १८८७मध्ये ही शिखरे ब्रिटिश राजसत्तेच्या स्वाधीन केली आणि त्यातूनच न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. डोंगराला पाया पडून चढणाऱ्या आपल्या लोकांना हा भाव समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न : सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. त्या स्कीइंग करणार नाहीत. त्यांनी दिवसभर काय करावे?

स्काय वाका ही बंदिस्त डब्यांची गोंडोला (रोपवे) २०१९पासून इविकाऊहून सुमारे २,०२० मीटर उंचीवरील नॉल रिजपर्यंत जाते. तिच्यासाठी प्रेक्षकांचे वेगळे तिकीट मिळते, वर बसून खाण्यापिण्याची सोय आहे, आणि आकाश निरभ्र असेल तर न्गाउरुहोए ज्वालामुखीचा रेखीव शंकू समोर दिसतो. त्यांच्या पायांत खोल खाचांच्या तळव्याचे बूट मात्र हवेत. वाहनतळावरचे गोठलेले पाणीच घसरायला पुरेसे असते.

प्रश्न : आरक्षण केले आणि डोंगरच बंद राहिला तर? विम्याचे काय करावे?

अनुभवी लोक ज्वालामुखीपेक्षा वाऱ्याला जास्त धास्तावतात, आणि ते योग्यच आहे. रुआपेहू पठारावर एकटा उभा असल्याने वारा अडवायला आजूबाजूला काही नाही, आणि गोठणबिंदूखालच्या ढगातील थेंब लिफ्टच्या खांबांवर व तारांवर आदळून तेथेच बर्फाचे जाड थर धरतात. ते झोडपून काढेपर्यंत लिफ्ट चालू करता येत नाही, मग खाली कितीही छान ऊन पडलेले असो. म्हणून सलग दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि हवामानाचा अंदाज पाहून त्यांतला एक निवडावा. शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळावेत. डोंगर बंद राहिल्यास पैसे परत मिळणार की केवळ तारीख बदलून मिळणार, हे आरक्षणापूर्वी विचारावे. बंद दिवशी फाकापापा गावातून तारानाकी धबधब्यापर्यंतची सुमारे दोन तासांची फेरी करता येते. तेथे रुआपेहूच्या जुन्या लाव्हा-प्रवाहाच्या कड्यावरून पाणी सुमारे २० मीटर खाली पडते.

अपघाती दुखापतीवरील उपचारांचा बराचसा भार न्यूझीलंडची एसीसी ही सरकारी योजना पाहुण्यांच्या बाबतीतही उचलते. आजारपण, रद्द झालेला प्रवास आणि जखमी अवस्थेत मायदेशी परतण्याचा खर्च मात्र तिच्यात येत नाही, त्यामुळे प्रवास-विमा घ्यावाच लागतो. पॉलिसीत ‘हिवाळी क्रीडा’ वगळलेल्या गोष्टींत आहेत का, हे आधी पाहावे. पुष्कळदा त्या वगळलेल्या असतात आणि वाढीव हप्ता भरून समाविष्ट करून घ्याव्या लागतात; तो हप्ता भरल्याचा लेखी पुरावा निघण्यापूर्वी मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत घरच्या कोणाकडे तरी ठेवावी.