रात्री बाराची मुदत आणि पावणेसहाची एसटी

प्रश्न : आमच्या पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर जावं लागतं. सर व्हिडिओची लिंक पाठवतात. काय करू? (विद्यार्थी, धडगाव तालुका)

व्हिडिओ कॉलेजात असतानाच उतरवून घे. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन उपक्रमाची बरीच व्याख्यानं अशी डाउनलोड करता येतात, मग घरी नेट लागत नाही. घरात किंवा शेजारी डीडी फ्री डिश असेल तर त्यावर ‘स्वयंप्रभा’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्या लावून बघ. महिन्याचं भाडं नाही आणि २०१७ पासून त्यांवर महाविद्यालयीन विषयही शिकवले जातात. सरांनाही एकदा मोकळेपणानं सांग. अडचण रेंजची आहे, यात तुझा काही दोष नाही.

प्रश्न : निम्मी मुलं असाइनमेंट वेळेत अपलोड करत नाहीत. सवलत दिली तर शिस्त बिघडणार नाही का? (प्राध्यापक)

सर, मुदत कितीची असते? बहुतेक ठिकाणी रात्री बाराची. तुमची विद्यार्थिनी पावणेसहाच्या एसटीनं गावी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्याकडे नेट नाही. म्हणजे शहरातल्या मुलाला मिळणारे शेवटचे सहा तास तिला मिळतच नाहीत. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची ठेवा. ही सवलत नव्हे, सगळ्यांना सारखी वेळ आहे.

आणि फाइलचा आकार बघा. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो. दहा पानं झाली की तीस-चाळीस एमबी, कमी रेंजमध्ये ते चढणार कसं? स्कॅन ॲपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं तर तीच पानं सहसा फार कमी जागेत बसतात. हे पहिल्याच आठवड्यात वर्गात करून दाखवा. हातानं लिहिलेली वही टेबलावर ठेवली तर तीही घ्या. तपासायचं आहे ते उत्तर.

प्रश्न : संगणक कक्ष आहे, पण प्रात्यक्षिक संपलं की कुलूप. माणूस नाही म्हणतात. (ग्रंथपाल)

माणूस तुमच्या वर्गातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ योजना रुजवली, तिच्यात आज बागकाम बसतं तर कक्षाची देखरेखही बसते. एका विद्यार्थ्याला मानधनावर नेमा. वेळ मात्र एसटी बघून ठरवा. पहिली गाडी साडेसातला येत असेल तर कक्ष पावणेआठला उघडा हवा. संध्याकाळी उघडून खेड्यातल्या मुलांना उपयोग नाही.

प्रश्न : मुलगी बी.ए.ला आहे. कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा का? (पालक)

नका काढू. ओटीजी केबल लावून साधा कीबोर्ड मोबाइलला जोडता येतो, त्यावर प्रकल्प टाइप होतो. विषय संगणकाचा असता तर वेगळं बोललो असतो.

प्रश्न : महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरला. पासवर्ड त्याच्याकडेच आहे. (विद्यार्थिनी)

आजच बदलून घे. ओटीपी येणारा नंबर तुझा किंवा घरातला हवा, दुकानदाराचा नाही. अर्ज परत आला, त्रुटी निघाली, तर ते दुकानदाराला कळेल, तुला नाही, आणि तोवर तारीख निघून जाते. पुढच्या वर्षी कॉलेजच्या कार्यालयात बसून भर. तिथे कुणी मदत केली नाही तर प्राचार्यांना लेखी अर्ज दे.