आवक नंबर घेतला का? मग मेनूचं बोलू

नमस्कार. लातूरच्या तुमच्या इतिहास मंडळाला बार्शी लाइट रेल्वे, डाळ मिल आणि आडत बाजार हा विषय धरून निधीसाठी स्नेहभोजन करायचंय, त्यासाठी एक जुनं गोदाम बघितलंय, "तिथले साहेब तोंडी हो म्हणालेत", आणि आता मेनू काय ठेवावा व ताट किती रुपयांना लावावं असं तुम्ही विचारलंय. मेनूचं मी सांगेन. पण त्या "तोंडी हो" पाशी माझं वाचन थांबलं आणि पोटात गोळा आला. आमचंही अगदी इथूनच सुरू झालं होतं.

मंडळाची नोंदणी, बँक खातं, हिशोबाला एक खमका माणूस, हे तुमच्याकडे असणारच. त्यात शिरत नाही.

आमचं गाव जालना-परभणी रुळावरचं. नाव घेत नाही, कारण गाव कळलं की कार्यालयही कळेल, आणि मला अजून तिथेच कामं पडतात. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज सुरू झाली आणि तिच्या कडेनं जिनिंग उभ्या राहिल्या. एकट्या जालन्यात ९ जिनिंग आणि ५ प्रेस असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आमच्याकडेही त्यातलीच एक, कित्येक वर्षं बंद, पण आतले रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, जागेवर. कातडी रोलर, त्याला टेकलेली सुरी, खाली सरकी पडायची जाळी, सगळं शाबूत. ठरलं असं, की त्याच शेडमध्ये रेच्यांच्या मधोमध पंगत बसवायची. १८० ताटं. आणि तिथे कधीकाळी पाळी केलेल्या ११ कामगारांना मानाचं, बिनपैशाचं आमंत्रण.

जागा एका कार्यालयाच्या ताब्यात. मी स्वतः अर्ज घेऊन गेलो. साहेब भला माणूस, चहा पाजला. "करा की, चांगलं काम आहे," म्हणाले आणि अर्ज टेबलावरच्या काचेच्या गोळ्याखाली ठेवला. मी नमस्कार करून बाहेर आलो. बस्स, एवढीच माझी चूक. दुसऱ्या प्रतीवर शिक्का नाही, सही नाही, आवक नंबर नाही. आवक-जावकचा टेबल दारालगतच होता, मी त्याच्या समोरूनच बाहेर पडलो. इतक्या आपुलकीनं बोलणाऱ्या माणसाकडे पोच मागणं मला अपमानाचं वाटलं. ३१ वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी, पोरांना उत्तरपत्रिकेवर नंबर टाकायला शिकवलं, आणि स्वतःच्या अर्जावर नंबर घेतला नाही.

दीड महिन्यात साहेबांची बदली झाली. कार्यक्रम शनिवारी होता. गुरुवारी दुपारी किल्ली मागायला गेलो तर नव्या साहेबांनी वरही बघितलं नाही. "असा अर्ज आमच्याकडे नाही." बाबूंना विचारलं, तर ते म्हणाले, "आवक नंबर सांगा, लगेच काढून देतो." तिसऱ्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरा जेवायला गेलेला. साडेपाचला निरोप मिळाला: नवा अर्ज करा, इमारत धोकादायक नसल्याचा अभियंत्याचा दाखला जोडा, आग विझवायची सोय दाखवा, ५०० च्या स्टॅम्पवर हमीपत्र द्या. शुक्रवारी साहेब मीटिंगला. शनिवारी सुट्टी.

यात रागापलीकडे एक खरं सांगायला हवं. दाखला मागणं चुकीचं नव्हतं. शंभर वर्षांचं पत्र्याचं शेड, वाशांना कापसाची जळमटं लोंबतायत, खाली १८० माणसं. एक ठिणगी पुरे. मी त्या खुर्चीवर असतो तर मीही मागितला असता. पण दीड महिना अर्ज दाबून ठेवून गुरुवारी साडेपाचला नसता मागितला. असो. आजही त्या दारावरून जाताना माझं बीपी वाढतं.

शेवटी एका मंगल कार्यालयात पंगत हलवली. मंडपवाल्याला दिलेली उचल बुडाली, "जिनिंगमध्ये जेवायचं म्हणून तिकीट घेतलं होतं" म्हणत ४७ जणांनी पैसे परत घेतले. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच. कापसाच्या गाठीविषयी बोलणाऱ्या आमच्या वक्त्याच्या डोक्यावर नवरा-नवरीची नावं चमकत होती. लाखभर उरतील असा अंदाज होता, हातात १८ हजार राहिले. पण मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. त्या ११ जणांतले एक जुने फिटर आपला पाना फडक्यात गुंडाळून घेऊन आले होते. रेच्याची सुरी कशी आवळतात ते लोकांना दाखवणार होते. ते पूर्ण जेवण होईपर्यंत तो पाना मांडीवर घेऊन बसले.

म्हणून उद्या पहिलं काम हे करा. अर्ज दोन प्रतींत, त्यात तारीख, वेळ, माणसं किती, स्वयंपाक कुठे, सगळं लिहा. आवक टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर नंबर-शिक्का घ्या, मग साहेबांकडे चहाला जा. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत तिकीट छापू नका. अभियंत्याचा दाखला त्यांनी मागायच्या आत जोडा. आणि चूल शेडच्या बाहेर, वाऱ्याची दिशा बघून. भोंगा किंवा लाउडस्पीकर वाजवणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी, आणि रात्री १० नंतर आवाज बंद.

आता पैशाचं. मी सीए नाही, तुमच्या सीएला विचाराच. पण "ताट १,५०० रुपये, ८०जी सवलतीसह" (म्हणजे देणगीवरची आयकर सवलत) असं छापू नका. जेवणाच्या बदल्यात घेतलेला पैसा ही देणगी नव्हे. ताटाची पावती वेगळी फाडा, त्यावर कुणी राजीखुशीनं दिलं तर त्याची देणगी पावती वेगळी. रोख २,००० च्या वर असेल तर त्यावर सवलत मिळत नाही, ते चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. ज्यांनी नवी करप्रणाली निवडलीय त्यांना तर ही सवलत लागूच नाही. आपले आडत व्यापारी पावती उलटीपालटी करून वाचतात, एकदा शंका आली की पुढच्या वर्षी दार उघडत नाहीत.

ताटाचा दर माझ्या मते खर्चाच्या अडीचपट. तिप्पट लावाल तर फक्त श्रीमंतच येतील, आणि हमालांचा इतिहास ऐकायला हमालांची पोरंच नसतील.

विषयाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बार्शी लाइट रेल्वे बांधणाऱ्या कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ ला बार्शीत आणि १९११ ला लातुरात आली, म्हणजे इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात. तेव्हा निजामाचं जकात खातं म्हणजे करोडगिरी. तुमचं तिकिटाचं टेबल दारात "करोडगिरी नाका" म्हणून लावा, प्रत्येकाला दोन पैसे हाली (निजामाचं नाणं) आणि दोन पैसे कलदार (इंग्रजी नाणं) यांतला फरक विचारा. साधारण ७ हालीला ६ कलदार असा भाव होता. म्हातारी माणसं हे ऐकून खुर्ची ओढून बसतील. आणि २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, तीही कुर्डुवाडी-बार्शीवरून, म्हणजे छोट्या गाडीच्याच वाटेनं. रूळ तेवढे ब्रॉडगेज झालेले. तो फोटो भिंतीवर लावाच.

एक बारीक धोका. जुन्या वहीवर "१३२०" असं साल दिसलं तर ते फसली, म्हणजे निजामाच्या दफ्तरातलं साल. त्यात ५९० मिळवा, १९१०-११ येतं. आमच्या एका फलकावर ते साल जसंच्या तसं गेलं आणि आमची जिनिंग बहामनींच्याही आधीची झाली. वह्या बऱ्याच उर्दूत असतील, तेव्हा निधीच्या यादीत स्कॅनिंगबरोबर वाचून देणाऱ्याचं मानधनही धरा.

मेनू: पनीर नको. कृपा करा. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही-धपाटे, शेवटी कुंथलगिरीचा पेढा. तूरडाळीचं साधं वरण मात्र हवंच, लातूरच्या डाळ मिलवर कार्यक्रम आणि ताटात डाळ नाही असं होऊ नये. सुशिला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा) हवा तर आल्या आल्या कागदाच्या पुडीत द्या, स्टेशनवर मिळाल्यासारखा. भाकरी बचत गटाच्या बायकांना द्या आणि पंगत दोन पाळ्यांत बसवा, म्हणजे गरम मिळते. पहिली पाळी उठली की भोंगा, दुसरी बसते. आम्ही मंगल कार्यालयातही मोबाइलवरून भोंगा वाजवला होता. शेजारच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या "जिनिंग सुरू झाली का हो?" विचारत आल्या. त्यांनाही बसवलं.

अर्जाचा नमुना हवा असेल तर पाठवतो, पोच घेतलेल्या प्रतीसकट. दुसऱ्या वर्षीची आहे. पहिल्या वर्षीची नाहीच.