वाचकांचे प्रश्न: बोट घेतली तेव्हापासून दुरुस्तीच चालू आहे, लेक फसली का?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी बडोद्याला दांडिया बझारमध्ये राहतो, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तीस वर्षं लेथवर काम केलं, आता रिटायर आहे. माझी मुलगी आणि जावई यांनी गेल्या वर्षी मलेशियात लंकावीला एक जुनी शिडाची बोट घेतली, 38 फुटी, फायबरची, 1988 ची, आणि आता दोघं तिच्यावरच राहतात. दर रविवारी फोन येतो आणि दर रविवारी काहीतरी बिघडलेलं असतंच, कधी पंप, कधी टॉयलेट, मागच्या महिन्यात इंजिन तापलं. आमची ही म्हणते पोरांना कुणीतरी गंडवलं, विकून टाका म्हणावं आणि परत या. मी दिवाळीनंतर तिकडे जाणार आहे. बोटीच्या तळाला पाण्याच्या पाइपाचा एक व्हॉल्व्ह आहे तो जाम झालाय, तर मी इथूनच पितळेचा एकदम मजबूत व्हॉल्व्ह टर्न करून नेऊ का? आणि अजून काय न्यावं?

उत्तर: साहेब, बाकी सगळं नंतर, पहिले तो पितळेचा रॉड खाली ठेवा. तुमच्या हाताबद्दल शंका नाही, धातूबद्दल आहे. साध्या पितळेत तीस-चाळीस टक्के जस्त असतं, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जातं आणि मागे राहतं ते नुसतं तांब्याचं जाळं, बाहेरून आकार तोच, आटे तेच, पण आतून रवाळ झालेलं. मी स्वतः एका मित्राच्या बोटीवर असा व्हॉल्व्ह बघितलाय, बोट बाहेर काढून स्टँडवर ठेवली होती, मी सहज चाकूने खरवडलं तर पिवळ्याच्या जागी गुलाबी रंग दिसला, मग हातोडीने हलकं ठोकलं, म्हणजे दगडावर नारळ आपटतो तेवढंही नाही, आणि पाइप जोडायचा तो तोंडाचा भाग बिस्किटासारखा मोडून हातात आला. हेच पाण्यात असताना झालं असतं तर? पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक म्हणजे मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत, बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा बिल्ज पंप त्याला पुरा पडत नाही.

त्या जागी गनमेटल हा तांब्याचा मिश्रधातू लागतो, जीआयडीसीत तुम्ही हजार वेळा हाताळला असेल, त्यात कथील असतं आणि जस्त थोडंच. पण लंकावीला बोटींचं काम जोरात चालतं, तयार व्हॉल्व्ह तिकडेच मिळेल, घरी बनवायचा आग्रह नको. आणि तो बदलायचा बोट पाण्याबाहेर काढल्यावरच. तोपर्यंत जाम हँडलवर जोर लावू नका म्हणावं, आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती गुल्ली सुतळीने बांधून ठेवा, व्हॉल्व्ह तुटला तर ती ठोकून बसवायची. या गुल्ल्या मात्र तुम्ही लेथवर करून न्या, जितके व्हॉल्व्ह तितक्या.

आता फसवलं का. मला नाही वाटत. बोट म्हणजे घर, गाडी, पाण्याची टाकी आणि वीजघर सगळं एकाच डब्यात, वर उन्हात, खाली मिठात आणि चोवीस तास हलतंय. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा बडोद्यात स्कूटरींच्या वायरिंगचं काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल, आणि ते तर गोडं पाणी होतं. आपल्या नौदलाची तारिणी घ्या, गोव्यात बांधलेली 56 फुटी बोट, सहा महिला अधिकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 जग फिरून आल्या, आणि घरी परतताना सुकाणूच्या जोडणीत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबून दुरुस्ती करावी लागली. नवी बोट, नौदलाची देखभाल, तरी हे होतं, मग 1988 च्या बोटीचं काय नवल. मुलीने एकच करावं, दुरुस्तीची वही घालावी आणि कामं क्रमाने लिहावीत. पाणी आत येऊ शकेल ते पहिलं, सुकाणू दुसरं, डोलकाठी धरणाऱ्या तारा तिसऱ्या, मग इंजिन. टॉयलेट, फ्रिज, दिवे यांची तक्रार रविवारी फोनवर करायला हरकत नाही पण ते थांबू शकतं.

इंजिन तापलं त्याचं विचारून घ्या, की समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री, तिला इंपेलर म्हणतात, ती बघितली का. बहुतेक वेळा तिच्या पाकळ्या तुटलेल्या असतात. नवी टाकली की झालं असं नाही, जुनीच्या किती पाकळ्या गेल्या ते मोजायचं आणि तेवढे तुकडे पुढे इंजिन थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांतून शोधून काढायचे, नाहीतर इंजिन परत तापतं आणि सगळे नव्या चक्रीला नावं ठेवतात. अशा दोन-तीन चक्र्या स्पेअर ठेवाव्यात, नंबर बघून.

न्यायचं म्हणाल तर रावपुऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पाइपाच्या क्लिपा घ्याल तर पट्टा आणि स्क्रू दोन्हींना चुंबक लावून बघा, पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू साधा असं फार चालतं, आणि समुद्रावर पहिला तो स्क्रूच सडतो. 316, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस, म्हणून मागा, भरपूर घ्या, पाण्याखालच्या प्रत्येक पाइपाला दोन-दोन लागतात. घरातली वायर नेऊ नका, बोटीला कलई केलेल्या तांब्याची लागते, साधी वायर इन्सुलेशनच्या आतून हिरवी पडत जाते. एपॉक्सी आणि हार्डनर विमानात घेऊ नका, तिकडेच मिळतं.

आणि वहिनींना सोबत न्याच. शिडाचं कापड चांगलं असतं पण उन्हाने आधी शिवण जाते, टाक्यांवरून नख ओढलं तर दोरा तुटतो, तिथे परत शिवायचं. उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर दोरा, थोडं मेण, त्रिकोणी टोकाची सुई आणि तळहाताला चामड्याचा पट्टा एवढंच लागतं. ज्या बाईने घरचे पडदे, गाद्यांच्या खोळी शिवल्या तिला हे दोन दिवसांत जमेल, आणि लेकीच्या शेजारी डेकवर बसून शिवताना ती बोट कशी आहे हे वहिनींना आपोआप दिसेल. मग विकायचं की ठेवायचं ते वहिनींनाच विचारा.