गावठी कोंबड्यांत निळा रंग आणायचा असेल तर

निळा नर आणून थेट तांबड्या गावठी कोंबड्यांत सोडू नका. निळ्याचं जनुक काळा रंग फिका करून राखाडी-निळा करतं; तांबड्याला ते जवळजवळ हात लावत नाही. मग शेपटी करडी आणि मान तांबडीच, अशी पिल्लं निघतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) निवडताना मानेची पिसं बोटाने उलटून बघा: सगळं पीस काळं हवं, कडेला तांबडी झाक नको. पांढरी तर घेऊच नका, तिच्यात कुठला रंग दडलाय ते कळत नाही.

निळा नर आणि निळी मादी लावली तर सरासरी 4 पिल्लांत 2 निळी, 1 काळं, 1 फिकट, छिटाछिटांचं. हे छिटांचं पिल्लू बिघडलेलं समजून लोक विकून टाकतात, फार वाईट वाटतं! त्याच्याकडे निळ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, म्हणून प्रत्येक पिल्लाला एक मिळतेच. छिटांचा नर, काळी तलंग: सगळी पिल्लं निळी.

आधीचा नर काढल्यावर 3 आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, त्याचं बीज कोंबडीच्या पोटात टिकून असतं. खुडुकीखाली 10-12 अंडी पुरेत. यंत्र असेल तर 37.5 अंश, आणि पावसाळ्यात आर्द्रतामापक बघूनच पाणी घाला. पहिले 18 दिवस ओल जास्त झाली, तर अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं.