गॅस कटर घरी बसवायचा तर

प्रश्न : केळीची शेती आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर यांची मोडतोड चालूच असते आणि लोखंड कापायला दर वेळी गावात जावं लागतं. घरच्या शेडमध्ये कमी खर्चात गॅस कटर बसवायचा आहे. नेमकं काय घ्यावं? स्वयंपाकघरातली गॅसहंडी चालेल का?
— एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, आधी तुमचं काम मोजा. ५ मिमीपर्यंतची पट्टी, अँगल, पाईप एवढंच कापायचं असेल तर ग्राइंडर आणि कटिंग व्हील पुरेसं आहे. ८-१० मिमीच्या पुढची प्लेट, ट्रॉलीचं चॅसिस, गंजून बसलेल्या पिना आणि नट असं काम वरचेवर निघत असेल तरच कटर परवडतो.

घरची १४.२ किलोची हंडी चालणार नाही. घरगुती गॅस दुसऱ्या कामाला वापरणं नियमाविरुद्ध आहे, आणि तिचा रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाब देतो. कटरला त्याच्या सात-आठपट दाब लागतो. व्यावसायिक १९ किलोचा सिलिंडर घ्या. नुसता प्रोपेन आपल्याकडे सहज मिळत नाही. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, आणि कापायला ते चालतं.

कटरला गॅसबरोबर ऑक्सिजनचा बाटलाही लागतो. बहुतेक जण गॅसचा भाव विचारतात, पण पैसा खातो तो ऑक्सिजन. १० मिमीच्या कामाला ३/६४ नंबरचं नोझल (कटरचं तोंड, नंबर म्हणजे भोकाचं इंचातलं माप) तासाला साधारण पाऊण किलो गॅस घेतं, म्हणजे १९ किलोची टाकी पंचवीसेक तास जळते. तेच नोझल आच (लोखंड तापवणारी ज्योत) आणि कापण्याची धार (ऑक्सिजनचा झोत) मिळून तासाला ३ घनमीटरच्या आसपास ऑक्सिजन घेतं. मोठा ७ घनमीटरचा बाटला दोन-सव्वादोन तासांत रिकामा होतो, १.५ घनमीटरचा छोटा अर्ध्या तासात. हा सगळा वेळ ज्योत पेटलेली असतानाचा आहे. छोटा बाटला उचलायला सोपा असला तरी दर घनमीटरला महाग पडतो आणि नेण्या-आणण्यात दिवस जातो. अ‍ॅसिटिलीन या कटरच्या दुसऱ्या नेहमीच्या गॅसच्या मानाने एलपीजीला आचेसाठी ऑक्सिजन तिप्पट-चौपट लागतो. गॅस स्वस्त पडला म्हणून हिशेब लगेच खाली येत नाही तो यामुळेच.

टॉर्चची, म्हणजे हातात धरायच्या कटरची, दांडी जुनी चालेल. नोझल मात्र एलपीजीचंच हवं, यात तडजोड नाही. दुकानात हातात घेऊन बघा. अ‍ॅसिटिलीनचं नोझल एका तुकड्याचं असतं. एलपीजीचं दोन तुकड्यांचं : आत उभ्या खाचा पाडलेली पितळी कांडी आणि बाहेर तांब्याची टोपी. आतली कांडी टोपीच्या तोंडापेक्षा किंचित आत बसते आणि तोंडाशी छोटी वाटी तयार होते. एलपीजीची ज्योत संथ जळते, नोझलपासून सुटून विझायला बघते. ती वाटी तिला धरून ठेवते. ६ मिमीपर्यंत १/३२, ६ ते १२ मिमीला ३/६४ आणि त्यापुढे १/१६ घ्या.

रेग्युलेटर, नळ्या आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे नळीत शिरली तर अडवणारी झडप) नवेच घ्या. भंगारातला ऑक्सिजन रेग्युलेटर कधीही नको, त्यात कुणाच्या हाताचं ग्रीस गेलंय ते दिसत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब आपोआप पेट घेतो. ट्रॅक्टरला ग्रीस मारून आलेला हात साबणाने धुतल्याशिवाय बाटल्याच्या चावीला लावू नका. ऑक्सिजनची नळी निळी, एलपीजीची नारंगी असते. लाल नळी अ‍ॅसिटिलीनची, तिचं रबर एलपीजीने खराब होतं. नळीची टोकं तार पिळून बांधू नका, दाबून बसवलेली घ्या. गॅसच्या बाजूचे आटे उलटे असतात आणि नटाच्या कोपऱ्यांवर खाच असते, त्यामुळे अदलाबदल होत नाही. अरेस्टर दोन्ही रेग्युलेटरवर बसवा.

पेटवताना रेग्युलेटरचा स्क्रू सैल ठेवून बाटल्याची चावी बाजूला उभं राहून हळू उघडा. ऑक्सिजनचा दाब दोन ते अडीच किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) लावा, पण टॉर्चवरची कापण्याची धार सोडणारी पट्टी दाबून धरलेली असताना. नाहीतर काटा एक दाखवतो आणि काम करताना दाब भलताच असतो. गॅस ०.२ ते ०.३ किलो. जोडणीवर साबणाचं पाणी लावून गळती बघा. दोन्ही नळ्या आळीपाळीने दोन-चार सेकंद मोकळ्या सोडा. मग थोडाच गॅस उघडून लायटरने पेटवा (काडेपेटीने नको, बोटं जवळ जातात), ऑक्सिजन हळूहळू वाढवा. नोझलच्या तोंडाशी निळे शंकू आखूड आणि टोकदार झाले की आच बरोबर. बंद करताना आधी गॅस, मग ऑक्सिजन.

गॉगल ४ किंवा ५ नंबरचा घ्या. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून कापायची रेघच दिसत नाही.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी कटर चालवला की ज्योत हळूहळू बारीक होते. गॅसची टाकी अर्धी असते तरी. टाकीवर बर्फासारखं पांढरं येतं.
— साक्री, जि. धुळे

उत्तर : गॅस आहे, पण त्याची वाफ होत नाही. वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता खर्च करून गार होतो, म्हणून टाकीवर दव गोठतं. त्यात प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळपास. प्रोपेन आधी निघून जातो, तळाला ब्युटेन उरतो. आपल्याकडे थंडीत पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा तो ब्युटेन जागचा हलत नाही. ५ किलोच्या छोट्या टाकीला हे लवकर होतं, कारण तिची बाहेरून ऊब घेणारी बाजूच कमी.

मोठी टाकी वापरा, काम ऊन चढल्यावर काढा, किंवा दोन टाक्या आलटूनपालटून लावा. टाकीखाली शेगडी किंवा टॉर्चची आच देणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी उभं राहू नका. टाकी आडवी किंवा उलटीही करू नका, नळीत द्रव उतरतो आणि ज्योत एकदम हातभर होते.

प्रश्न : कोरोनात घेतलेला ऑक्सिजन काँसंट्रेटर पडून आहे. तो कटरला जोडता येईल का?
— चोपडा

उत्तर : नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं हे घरगुती यंत्र साधारण मिनिटाला ५ लिटर देतं, म्हणजे तासाला ०.३ घनमीटर, गरजेच्या दहावा हिस्सा. दाबही पुरत नाही. शिवाय शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास. कापायला ९९.५ टक्के लागते. एक टक्का घसरला तरी वेग चौथाईने कमी होतो. लोखंड कापलं जातं म्हणजे लाल तापून ऑक्सिजनमध्ये जळतं, नुसतं वितळत नाही. स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम आणि बीड याने कापले जात नाहीत, तेही याच कारणाने.

प्रश्न : नवीन सेट आहे, पण कापताना फटफट आवाज होऊन ज्योत विझते. कापलेली कड ओबडधोबड, खाली जळक्या लोखंडाची मळी चिकटलेली.
— जामनेर तालुका

उत्तर : फटफट होण्याची कारणं तपासा याच क्रमाने : नोझल प्लेटला टेकतंय, नोझलचा नट ढिला आहे, खाचांत मळी अडकली आहे, दाब कमी आहे, किंवा सतत चालवून नोझल तापलं आहे. साफ करायला मापाची सुईच वापरा. खिळा घातला की भोक वाकडं होतं आणि धार फाटते. फटफट थांबून आत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दांडी तापली, तर ज्योत आत शिरली आहे. तेव्हा आधी ऑक्सिजन बंद, लगेच गॅस, मग दोन्ही बाटल्यांच्या चाव्या. कारण सापडल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

कड कशी झाली ते कापलेल्या तोंडावरच्या रेघा सांगतात. रेघा जवळजवळ उभ्या आणि मळी टिचकीने सुटते, तर सगळं ठीक. रेघा मागे वाकल्या असतील तर हात घाईत चालला. वरची कड वितळून गोल झाली आणि मळी चिकटली, तर हात रेंगाळला किंवा आच जास्त. वरच्या कडेखाली खोबण पडली, तर ऑक्सिजनचा दाब जास्त. १० मिमीच्या प्लेटवर मिनिटाला साधारण फूटभर हा हाताचा वेग धरा. कड भडक लाल होईपर्यंत थांबा, एलपीजीला अ‍ॅसिटिलीनपेक्षा इथे वेळ लागतो, आणि घाई करणारे इथेच फसतात. मधोमध भोक पाडायचं तर तापल्यावर नोझल थोडं वर उचलून तिरकं धरा, मग टॉर्चची पट्टी हळू दाबा. सरळ दाबली की वितळलेलं लोखंड उडून थेट नोझलमध्ये बसतं.

प्रश्न : रिकामा डिझेलचा ड्रम उभा कापून गुरांना पाण्यासाठी करायचा आहे. शेड घराला लागून आहे.
— पाचोरा

उत्तर : ड्रम गॅसने कापू नका, झाकण उघडं ठेवलं तरी. सांध्यात उरलेलं डिझेल तापून वाफ होते आणि ड्रम फुटतो. फवारणीच्या औषधाचा ड्रम तर पाण्याला वापरूच नये.

शेडचंही बघा. ठिणग्या सहज १० मीटर जातात. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस, खळ्यातला चारा, पऱ्हाट्यांचा ढीग यातलं काही त्या टप्प्यात असेल तर तिथे कापू नका. कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत तासन्‌तास धुमसतो आणि रात्री पेटतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, झोपण्याआधी पुन्हा एक फेरी मारा. कोब्यावर ठेवून कापलं तर सिमेंट तडकून तोंडावर उडतं. खाली वाळूचा ट्रे ठेवा. टाक्या विहिरीच्या किंवा खड्ड्याच्या काठी ठेवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली साचतो. आणि ऑक्सिजनने कपड्यांवरची धूळ झटकायची किंवा ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायची नाही.